उसनी सत्ता : दुःस्वप्नलोकाच्या कादंबऱ्यांतील स्त्रिया

टॉमस मोर या इंग्रज विचारवंताने १५१६ साली 'यूटोपिया' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि सर्व दृष्टींनी निर्दोष अशा कल्पित राज्याला एक नाव मिळाले. त्याच्या अगदी उलट प्रकारच्या राज्याला नाव मिळावयास मात्र साडेतीनशे वर्षे जावी लागली. १८६८ साली ब्रिटिश पार्लमेंटमध्ये बोलताना जॉन स्टुअर्ट मिल याने सरकारी धोरणाच्या समर्थकांना उपहासाने 'डिस्टोपियन' म्हटले. पुढे विसाव्या शतकात 'डिस्टोपिया' हा शब्द साहित्यविचारात रूढ झाला. मराठीत त्यास 'दुःस्वप्नलोक' म्हणता येईल. दुःस्वप्नलोकाची कादंबरी भविष्यकाळाचे चित्र रंगविते, परंतु तिची दृष्टी वर्तमानावरच खिळलेली असते. आजच्या समाजात बीजरूपाने असलेली एखादी प्रवृत्ती निर्वेधपणे वाढू दिली, तर तिचा वृक्ष कसा दिसेल, हे ती दाखविते.

अशा अनेक कादंबऱ्यांत स्त्रियांना दास्यात ठेवणाऱ्या राज्यांचे वर्णन आहे. त्या वाचताना एक गोष्ट प्रथम खटकते आणि नंतर विचार करावयास लावते. या राज्यांचे कायदे पुरुषांनी केलेले असतात, शस्त्रे पुरुषांच्या हाती असतात. परंतु स्त्रियांना नवे नियम शिकविणारी, त्यांच्यावर पहारा ठेवणारी आणि प्रसंगी त्यांना शिक्षा करणारी व्यक्ती पुष्कळदा स्त्रीच असते. 'बाईच बाईची वैरीण' हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येणारे वचन अशा वेळी वाचकाच्या ओठांवर सहज येते. ते वचन कितपत खरे आहे, याचा शोध घेण्यासाठी या कादंबऱ्या उत्तम साधन आहेत. कारण स्त्रीच्या हाती आलेली ही सत्ता कोठून येते, ती कोठपर्यंत चालते आणि तिची किंमत काय द्यावी लागते, याचा हिशेब त्या बारकाईने मांडतात.

पूर्वपीठिका

हा हिशेब निव्वळ कल्पनेतून आलेला नाही. हिटलरच्या जर्मनीत १९३४ साली गेर्ट्रूड शोल्ट्स-क्लिंक या बाईंची स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेच्या प्रमुखपदी नेमणूक झाली. स्त्रीचे स्थान घरात, तिचे कर्तव्य मातृत्व, असा उपदेश त्या देशभर हिंडून करीत. स्वतः मात्र त्या लक्षावधी स्त्रियांच्या संघटनेचा कारभार पाहत होत्या. इतके असूनही राज्याची धोरणे ठरविणाऱ्या पुरुषांच्या वर्तुळात त्यांना स्थान नव्हते. नाझी पक्षाने आपल्या नेतृत्वातून स्त्रियांना १९२१ सालीच वगळले होते. स्त्रियांवर हुकमत चालविणारी, पण राज्यात जिच्या शब्दाला वजन नाही अशी ही स्त्री पुढील काळातील अनेक काल्पनिक पात्रांची वडीलधारी नातलग शोभते.

याच काळात, १९३७ साली, 'स्वस्तिक नाइट' ही कादंबरी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यावर मरे कॉन्स्टंटाइन असे पुरुषी नाव होते. ते कॅथरिन बर्डेकिन या लेखिकेचे टोपणनाव असल्याचे १९८० नंतरच्या दशकात सर्वांस कळले. हिटलरनंतर सातशे वर्षांनीचा युरोप तीत दाखविला आहे. तेथे स्त्रियांना कुंपणाआड कोंडलेले आहे. त्यांचे केस भादरलेले असतात. मुलगा दीड वर्षाचा झाला की तो आईपासून काढून घेतात. या स्त्रियांपैकी कोणाच्याही हाती तिळमात्र सत्ता नाही. तरीही बर्डेकिन एक अवघड प्रश्न विचारतात. व्यवस्थेने स्त्रीला हीन ठरविले, ते तिने मनोमन मान्य केले म्हणजे काय होते? कादंबरीच्या प्रारंभीच एक सरदार उपदेश करताना अनवधानाने बोलून जातो की, आता अधिक मुली जन्मास यावयास हव्यात. राज्यात मुलींचे जन्म घटत चालल्याने साम्राज्यच धोक्यात आलेले असते. ते ऐकून स्त्रिया आनंदित होत नाहीत, त्या गोंधळून जातात. मुलगी होणे ही लाज आहे, असेच त्यांना जन्मभर सांगितलेले असते. येथे पहारेकरीण लागत नाही, कारण पहारा प्रत्येकीच्या मनात बसविलेला आहे.

जॉर्ज ऑर्वेल याच्या 'नाइन्टीन एटी-फोर' (१९४९) या प्रसिद्ध कादंबरीत वेगळाच धडा मिळतो. पक्षाची सर्वांत अंध अनुयायी म्हणजे स्त्रिया, विशेषतः तरुण स्त्रिया, असे नायक विन्स्टन याचे मत असते. कामवासनाविरोधी युवासंघाचा लाल पट्टा कमरेला बांधून हिंडणारी जूलिया त्याला म्हणूनच तिरस्करणीय वाटते. पुढे उघड होते की तो पट्टा हे तिने पांघरलेले सोंग आहे. स्त्रीची दिसणारी निष्ठा आणि तिची खरी निष्ठा एकच असते असे नाही, हे विन्स्टनला फार उशिरा कळते. बाहेरून न्याय करणाऱ्याने हे विसरू नये.

गिलियडचे राज्य

या विषयाचा सर्वांगीण विचार मार्गारेट ॲटवुड या कॅनेडियन लेखिकेच्या 'द हँडमेड्स टेल' (१९८५) या कादंबरीत आढळतो. तिचे लेखन १९८४ साली पश्चिम बर्लिनमध्ये सुरू झाले. मानवी इतिहासात कोठे ना कोठे घडले नाही असे काहीही या कादंबरीत घालावयाचे नाही, असा नियम ॲटवुड यांनी स्वतःस घालून घेतला होता. रुमानियात १९६६ साली निघालेला गर्भपातबंदीचा हुकूम, अमेरिकेतील जुन्या प्यूरिटन वसाहती, अशा अनेक ठिकाणचे धागे तीत विणले आहेत.

अमेरिकेतील सरकार उलथवून तेथे 'गिलियड' नावाचे धर्मराज्य स्थापन झाले आहे. प्रजननक्षमता झपाट्याने घटली आहे. एका दिवसात स्त्रियांच्या नोकऱ्या जातात आणि त्यांची बँकेतील खाती गोठविली जातात. त्यानंतर त्यांची वर्गवारी होते आणि प्रत्येक वर्गास वस्त्राचा रंग ठरवून दिला जातो. अधिकाऱ्यांच्या पत्नी निळ्या, घरकाम करणाऱ्या 'मार्था' हिरव्या, तर अधिकाऱ्यांसाठी मूल जन्मास घालण्याकरिता नेमलेल्या दासी तांबड्या वस्त्रांत वावरतात. या दासींना शिक्षण देणाऱ्या 'आंट' तपकिरी वेष घालतात. इंग्रजीतील 'आंट' या एका शब्दात मराठीतील मावशी, आत्या, काकू, मामी ही सारी नाती सामावलेली आहेत. जुलमी अधिकारपदाला मायेच्या नात्याचे नाव देणे हीच गिलियडच्या चतुराईची पहिली खूण होय.

आंट लिडिया आणि तिच्या सहकारिणी एका जुन्या शाळेत हे शिक्षण देतात. त्यांच्या कमरेला गुरे हाकण्यासाठी वापरतात तसली, विजेचा झटका देणारी काठी लटकत असते. बंदूक मात्र त्यांच्याजवळ नसते. बंदुका असतात त्या बाहेर उभ्या असलेल्या निवडक पहारेकऱ्यांपाशी, आणि हे पहारेकरी बोलाविल्याखेरीज आत येत नाहीत. ॲटवुड यांनी पहिल्याच प्रकरणात ओझरता सांगितलेला हा तपशील सबंध व्यवस्थेची किल्ली आहे. आत स्त्रीचा अंमल, बाहेर पुरुषाची बंदूक. आणि आतला अंमल बाहेरच्या बंदुकीच्या भरवशावर चालतो. ज्या स्त्रीच्या हाती काठी दिली, तिच्यावरही राज्याचा बंदुकीइतका विश्वास नाही.

लिडियाची शिकविण्याची पद्धत विचार करण्यासारखी आहे. ती नुसती धाक घालीत नाही, ती समजूत घालते, डोळ्यांत पाणी आणते, पूर्वीच्या समाजात स्त्रियांवर होणाऱ्या अत्याचारांची आठवण देते. ते अत्याचार खोटे नव्हते. रात्री एकटीने रस्त्यावरून जाताना वाटणारे भय खरेच होते. म्हणून लिडियाचे अर्धे बोलणे खरे असते, आणि त्या अर्ध्या सत्याच्या आधारानेच उरलेले अर्धे असत्य गळी उतरते. एका प्रसंगी जनीन नावाच्या मुलीला पूर्वी आपल्यावर झालेला सामूहिक बलात्कार सर्वांसमोर सांगावा लागतो. दोष कोणाचा, असे आंट विचारतात आणि वर्गातील सर्व मुली एकसुराने जनीनकडे बोट दाखवितात. कथा सांगणारी नायिकाही त्या सुरात सूर मिळविते, आणि त्या क्षणी ते आपल्याला मनापासून वाटले होते, अशी कबुली देते. व्यवस्था चालते ती केवळ लिडियामुळे नव्हे, तर अशा सामुदायिक सुरांमुळेही.

घरातील राणी

गिलियडमधील दुसरे महत्त्वाचे स्त्रीपात्र म्हणजे कमांडरची पत्नी सेरेना जॉय. क्रांतीपूर्वी ती दूरदर्शनवर भक्तिगीते गात असे. पुढे स्त्रियांनी घरी बसावे, अशी भाषणे देत ती गावोगाव फिरू लागली. त्या वेळी अमेरिकेत स्त्री-पुरुष समान हक्कांच्या घटनादुरुस्तीचा वाद पेटला होता. काँग्रेसने १९७२ साली मंजूर केलेली ही दुरुस्ती आवश्यक त्या ३८ राज्यांची संमती न मिळाल्याने १९८२ साली बारगळली, आणि तिच्याविरुद्धच्या मोहिमेचे नेतृत्व फिलिस श्लाफ्ली या स्त्रीनेच केले होते. सेरेनाच्या चित्रणात अनेक समीक्षकांना श्लाफ्ली यांची छाया दिसते, ती यामुळे.

गिलियडने सेरेनाचा उपदेश तिच्यावरच तंतोतंत लागू केला. आता ती घरात बसून आहे. आघाडीवरील सैनिकांसाठी गळपट्टे विणणे आणि संधिवाताने आखडलेल्या शरीराने बाग राखणे, एवढेच तिच्या वाट्याला उरले आहे. दासीशी पतीचा समागम होत असताना तिने दासीचे हात धरून मागे बसावयाचे, असा विधीच आहे. हा विधी दासीची विटंबना करतोच. पण पत्नीलाही आपल्या अपमानाची साक्षीदार होणे भाग पाडतो. दोघींच्याही वाट्याला अपमानच येतो, परंतु त्या एकमेकींचा द्वेष करतात. कमांडरकडे मात्र कोणाचाही राग वळत नाही.

पुरुष वंध्य असू शकतो, हे गिलियडचा कायदा मानीतच नाही. मूल झाले नाही तर दोष स्त्रीचाच. सेरेनाला सत्य ठाऊक आहे. म्हणून ती नायिकेची मोटारचालकाशी गुप्तपणे गाठ घालून देते, आणि त्याच्या बदल्यात नायिकेच्या हरवलेल्या मुलीचे छायाचित्र दाखविण्याचे आमिष ठेवते. स्वतः जखडलेल्या स्त्रीच्या हाती एवढी एकच सत्ता उरते: आपल्याहून अधिक जखडलेल्या स्त्रीच्या काळजाची दोरी ओढण्याची.

आंट होण्याची कारणे

स्त्रिया हे काम पत्करतात तरी का? कादंबरीच्या अखेरीस २१९५ सालच्या एका विद्वत्परिषदेचा वृत्तान्त आहे. तेथील प्राध्यापक सांगतो की, स्त्रियांवर नियंत्रण ठेवण्याचा सर्वांत सोपा आणि स्वस्त मार्ग स्त्रियांमार्फतच जातो. साम्राज्ये जिंकलेल्या लोकांवर त्यांच्यातीलच माणसांकरवी अंमल चालवीत आली, त्यातलाच हा प्रकार. भारतीय वाचकाला हे विधान विशेष समजावून सांगावयास नको. आंटांपैकी काहींची त्या मूल्यांवर श्रद्धा होती, काहींना लाभ हवा होता, आणि निपुत्रिक, अविवाहित किंवा वयस्क स्त्रियांना विषारी वसाहतीत पाठविले जाण्यापासून वाचण्याचा हा एक मार्ग होता. जेथे सत्तेचा दुष्काळ असतो, तेथे तिचा एक थेंबही मोहात पाडतो.

चौतीस वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या 'द टेस्टमेंट्स' (२०१९) या उत्तरकथेत ॲटवुड यांनी हाच प्रश्न लिडियाच्या मुखाने पुन्हा मांडला. त्या कादंबरीस २०१९ चे बुकर पारितोषिक बर्नार्डिन इव्हॅरिस्टो यांच्या कादंबरीसमवेत विभागून मिळाले. गिलियडपूर्वी लिडिया न्यायाधीश होती, हे येथे कळते. तिला पकडून एका क्रीडांगणात इतर सुशिक्षित स्त्रियांबरोबर डांबतात, एकान्त कोठडीत मारझोड करतात, नंतर हॉटेलातील मऊ बिछाना आणि गरम पाणी देतात, आणि अखेर दुसऱ्या स्त्रियांवर गोळ्या झाडावयास उभी करतात. ती झाडते. मग स्त्रियांचा विभाग पूर्णतः स्त्रियांच्याच ताब्यात असावा, अशी मागणी करून ती आपले छोटे साम्राज्य उभारते. त्याच वेळी राज्यकर्त्यांच्या दुष्कृत्यांचे पुरावे गुपचूप साठवून ती गिलियडच्या नाशाचीही तयारी करते. तिने स्वतःचा बचाव केला की सूड घेतला, ती अपराधी की बळी, याचा निवाडा कादंबरी वाचकावर सोपविते. मात्र दोन गोष्टी निःसंदिग्ध आहेत. लिडियाला उभे करण्यापूर्वी तिला मोडावे लागले, आणि ज्यांच्यावर तिने गोळी झाडली त्या स्त्रिया परत आल्या नाहीत.

सासूचे आसन

समाजशास्त्रज्ञ डेनिझ कांडियोटी यांनी १९८८ साली लिहिलेल्या एका निबंधात या वर्तनाला 'पुरुषसत्तेशी सौदा' असे नाव दिले. उत्तर आफ्रिकेपासून दक्षिण आणि पूर्व आशियापर्यंतच्या एकत्र कुटुंबात नवी सून सर्वांच्या खाली असते; परंतु मुलगा झाला, तो मोठा झाला, त्याची बायको घरात आली म्हणजे तीच सून अधिकाराच्या आसनावर बसते. तरुणपणी सोसलेल्या हालांची भरपाई म्हातारपणी मिळेल, असा हा अलिखित करार असतो. म्हणून जुनी रीत मोडू लागली की वडीलधाऱ्या स्त्रिया कासावीस होतात. त्यांनी किंमत आधीच चुकती केलेली असते आणि मोबदला मात्र हातचा जाणार असतो. निव्वळ दुष्टपणा हे त्यांच्या कठोरपणाचे स्पष्टीकरण होऊ शकत नाही.

या सौद्याचे दुःस्वप्नमय चित्र मंजुळा पद्मनाभन यांच्या 'हार्वेस्ट' या इंग्रजी नाटकात पाहावयास मिळते. १९९७ साली त्यास ग्रीसचे ओनासिस पारितोषिक मिळाले. मुंबईतील एका खोलीत राहणारा बेकार तरुण ओम श्रीमंत देशातील ग्राहकाला आपले अवयव विकण्याचा करार करतो. कंपनीला अविवाहित माणूस हवा असतो, म्हणून त्याची पत्नी जया हिला बहीण म्हणून दाखविले जाते. ओमची आई मुलाचे कौतुक आणि सुनेचा पाणउतारा करण्यात आधीपासूनच रमलेली असते. घरात पैसा येताच ती सुनेचे नाते पुसले गेल्याची खंत करीत नाही. अखेर ती एका यांत्रिक दूरदर्शन-आसनात स्वतःला कायमची बंद करून घेते. मुलगा तुकड्यातुकड्याने विकला जात असताना मुलाच्या आईपणावर उभे असलेले तिचे अधिकारपद पोकळ झालेले असते, पण ते तिला दिसत नाही. कंपनीला नकार देते ती सून, जिच्या वाट्याला करारातून काहीच आलेले नव्हते.

पद्मनाभन यांच्याच 'एस्केप' (२००८) या कादंबरीत स्त्रिया नष्ट करून टाकलेला देश आहे. तेथे तीन काका एका मुलीला लपवून वाढवितात. ही कल्पना भारतीय वाचकाला दूरची वाटू नये. सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ च्या जनगणनेत ९४५ होती, ती २००१ मध्ये ९२७ वर आली आणि २०११ मध्ये आणखी घटली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९९४ साली कायदा करावा लागला. 'स्वस्तिक नाइट'मध्ये मुलीच्या जन्माची लाज वाटणाऱ्या माता येथे आठवतात. नातवाचा आग्रह धरणारी आजी या घटीत सहभागी असते, हे खरे. परंतु जमीन, नाव आणि म्हातारपणीचा आधार मुलाकडूनच मिळेल, अशी रचना तिने केलेली नसते.

या चर्चेत रुकय्या सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही छोटी कथा अवश्य वाचावी. ती १९०५ साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये आली. तिच्यात दुःस्वप्न नाही, सुखस्वप्न आहे. पुरुष अंतर्गृहात राहतात आणि स्त्रिया विज्ञानाच्या बळावर राज्य करतात. तेथील वाटाडी स्वप्न पाहणाऱ्या सुलतानाला स्पष्ट सुनावते की, स्वतःच्या हिताकडे दुर्लक्ष करून स्त्रियांनीच आपले हक्क गमावले. या बोलण्यात दोषारोप आहे, पण त्याबरोबर आशाही आहे. जे आपल्या संमतीवाचून चालत नाही, ते संमती काढून घेतल्यास थांबूही शकते. लेखिकेने पुढे कलकत्त्यात मुलींची शाळा चालविण्यात आयुष्य वेचले, तेही याच विश्वासाने.

निष्कर्ष

आता मूळ वचनाकडे वळता येईल. 'बाईच बाईची वैरीण' यातील निरीक्षण खोटे नाही, परंतु निष्कर्ष खोटा आहे. लिडिया, सेरेना, ओमची आई या तिघीही दुसऱ्या स्त्रीला दुखावितात. मात्र वर पाहिलेल्या कथांतून चार प्रश्न हाती लागतात, आणि ते विचारल्याखेरीज निवाडा करू नये. ही सत्ता तिला कोणी दिली? ती कोणावर चालते? ती परत कोण घेऊ शकतो? आणि ती नाकारली असती तर तिचे काय झाले असते? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे जवळजवळ नेहमीच सारखी येतात. सत्ता वरून मिळालेली असते, ती फक्त खालच्या दिशेने चालते, आणि देणारा ती केव्हाही काढून घेऊ शकतो. उसन्या दागिन्यांनी नटलेली स्त्री श्रीमंत ठरत नाही, तशीच उसन्या सत्तेवर बसलेली स्त्री स्वामिनी ठरत नाही.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर मात्र प्रत्येकीचे निराळे असते, आणि जबाबदारीचे माप तेथेच ठरते. मृत्यूच्या धाकाने झुकलेली लिडिया आणि मुक्त समाजात राहून इतर स्त्रियांचे स्वातंत्र्य काढून घ्या असे सांगत फिरणारी सेरेना, यांचा अपराध एका तराजूत तोलता येत नाही. व्यवस्थेकडे बोट दाखविल्याने व्यक्तीचा दोष धुऊन निघत नाही, आणि व्यक्तीकडे बोट दाखविल्याने व्यवस्था निर्दोष ठरत नाही.

'द हँडमेड्स टेल'मधील मोइरा हिची सुटका या दृष्टीने लक्षणीय आहे. ती एका आंटला बांधून ठेवते, तिचा तपकिरी वेष घालते आणि ताठ मानेने पहारे ओलांडून निघून जाते. आंटच्या चेहऱ्याकडे कोणी निरखून पाहत नाही, त्यामुळे तो वेषच तिला वाट करून देतो. मोइरा पुढे पकडली जाते, हेही खरे. परंतु तिच्या त्या सुटकेने बंदिवासातील इतर मुलींना एक गोष्ट दाखवून दिली: आंटचा दरारा तिच्या अंगी नव्हता, तो तिच्या वस्त्रात होता, आणि वस्त्र उतरविता येते.